आवाज न करणारी बदकं

आवाज नको म्हणून मी दोन्ही माद्या निवडून आणल्या.

ज्यांना बदकांतलं कळतं त्यांचं एवढ्यावरच हसून झालं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. बदकांमध्ये नर बिचारा घोगऱ्या, दबक्या आवाजात काहीतरी पुटपुटतो, तेही कोणी विचारलं तर. ओरडते ती मादी. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि माझ्याबरोबर आमच्या परळच्या बैठ्या चाळीतल्या अख्ख्या ओळीला कळलं, पहाटे सव्वापाचला.

साठी उलटलेल्या माणसाला परळमध्ये बदकं कशाला हवीत, हा प्रश्न बायकोने तेव्हाच विचारला होता. मी आईचं नाव पुढे केलं. ते खोटं नव्हतं.

वडील गेल्यापासून आई गावी एकटी राहत होती. दिवाळीच्या आधी न्हाणीघरापाशी पाय घसरून पडली, मनगट मोडलं. सकाळी पडलेली बाई दुपारी सापडली, तीही शेजारचा माणूस नारळ पाडायचे का विचारायला आला म्हणून. मी जाऊन तिला मुंबईला घेऊन आलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे ह्यांना एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी नुसतं मनगट नसेल. मी मान हलवली. आई तेव्हा काहीच बोलली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी बोलली.

"शिमग्याक माका पोचव."

झालं. त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत तो एकच विषय. तिची बाजू एका वाक्याची आणि माझी तासाभराची. मी सांगायचो गावात आता कोण उरलंय, दवाखाना किती लांब आहे, पावसात लाइट कशी जाते. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "शिमग्याक." मी नुकताच रिटायर झालो होतो, वेळच वेळ होता. तिला करमावं म्हणून सकाळी पेपर वाचून दाखवायचो, दुपारी टीव्हीवर कोण कोणाची सून ते समजावायचो. ती मागच्या दारात स्टूल टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. मी आत गेलो की तिथेच, बाहेर आलो की तिथेच.

हे मागचं दार नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमची चाळ आणि बंद पडलेल्या मिलची भिंत यांच्यामध्ये सहा-सात फुटांची पट्टी आहे. ज्याने त्याने आपापल्या दारापुढचा तुकडा पत्रे ठोकून आपला केला आहे. कोणी मोरी वाढवली, कोणी वॉशिंग मशीन लावलं. आमच्या तुकड्यात एक तुळस, एक पिंप आणि चाक नसलेली सायकल. जानेवारीतल्या एका दुपारी आई त्या तुकड्याकडे बघून म्हणाली, "हंय दोन बदकां ऱ्हवतीत."

दोन महिन्यांत औषध, पाणी आणि शिमगा सोडून ती पहिल्यांदाच काही बोलली होती. तिच्या माहेरी तळी होती, तळीत बदकं होती, एवढं मला माहीत होतं. मी ते वाक्य पडू दिलं नाही. बदकं आली की आई राहणार, असं माझ्या डोक्यात पक्कं झालं.

अडचण होती ती शेजारची. डाव्या बाजूला भिंतीला भिंत लावून एक नर्स राहते. सगळी चाळ तिला सिस्टर म्हणते. तिला बहुतेक रात्रपाळी असते. सकाळी साडेआठला येते, अंघोळ करून झोपते ती दुपारी तीनपर्यंत. मधली भिंत एवढी पातळ की तिकडे कोणी कूस बदलली तर इकडे पलंग वाजतो. आणि ही बाई चाळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं बीपी बघते, इंजेक्शनं देते, कधी कोणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. तिची झोप मोडणं म्हणजे... जाऊ दे. मी आधी जाऊन तिला विचारलं, हे तरी शहाणपणाचं केलं. ती म्हणाली, "काका, आजींसाठी आणताय तर आणा. फक्त शांत असतील असं बघा." मी तिला शब्द दिला. मी शब्द फार लवकर देतो.

मग मी अभ्यास केला. म्हणजे फोनवर चार व्हिडिओ पाहिले, त्यातले दोन बदकांचं कालवण कसं करावं यावर होते. बायकोला विचारलं. ती भांडी पुसत म्हणाली, "अहो, कासव आणा. कासवाची तक्रार कधी ऐकलीय कोणी?" शेवटी मी स्वतःच्या अकलेने सिद्धांत मांडला. आपण कोकणातली माणसं. आपल्या डोळ्यांसमोर कोंबडा बांग देतो, कोंबडी गुपचूप अंडं घालते. झाडावर ओरडतो तो कोकीळ, नर. म्हणजे पाखरांत आरडाओरडा हे पुरुषांचं काम. तेव्हा शांतता हवी असेल तर नर आणायचाच नाही. हा सिद्धांत मी बायकोला सांगितला, वाण्याला सांगितला, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितला. फक्त जिने उभं बालपण बदकांमागे काढलं होतं आणि जी माझ्याच घरात स्टुलावर बसली होती तिला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं ना.

बाजारात पाखरंवाल्याने पिंजरा उघडून एक जोडी काढली होती. मी म्हटलं, जोडी नको, दोन्ही माद्या दे.

"दोनो मादी? पक्का, साब?"

मी म्हटलं, पक्का. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने आभाळाकडे बघितलं. तो काहीतरी समजावू लागला, की साब, घरात ठेवणार असाल तर ह्या वळलेल्या शेपटीवाल्या नरांतला एखादा... मी त्याला मध्येच तोडून कोंबड्याचं उदाहरण दिलं. तो गप्प बसला. माणसं माझ्यापुढे लवकर गप्प बसतात, आणि मला वाटतं त्यांना पटलं.

टॅक्सीत दोघी चिडीचूप होत्या. टोपलीवर हात ठेवून मी बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय. आता कळतं की त्या घाबरल्या होत्या. घरी आईसमोर टोपली ठेवली. तिने एकेकीला उचलून पोटाखाली हात घातला, पंख ताणून बघितले. तिचा चेहरा जरा मोकळा झालेला मी पाहिला, खोटं कशाला सांगू. मग म्हणाली, "दोनय माद्यो?"

"दोन्ही," मी म्हणालो, छाती काढून.

ती पुढे काही बोलली नाही. मी ते कौतुक समजलो.

पहाटे सव्वापाचला पहिली ओरडली. तो आवाज लिहून दाखवता येत नाही. सुरुवातीला एक मोठा, खणखणीत, मग त्याहून थोडा लहान, मग आणखी लहान, असे आठ-दहा. एखाद्याची फजिती ऐकून पोट धरधरून हसावं आणि हसता हसता दम जावा, तसा. एकीचं हसून झालं की दुसरीचं सुरू. मी लुंगी सावरत मागे धावलो आणि ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" केलं. बदकांना ओठांवरच्या बोटाचा अर्थ कळत नाही.

पुढचे अकरा दिवस मी जगलो कसा ते मलाच माहीत. बारदान टाकून टोपली झाकली, तर काळोखात त्या अजून जोरात एकमेकींना हाका मारू लागल्या. एकीला मोरीत आणि एकीला बाहेर ठेवलं, तर विरहाने दोघींनी चाळ डोक्यावर घेतली. कोणीतरी सांगितलं की तोंडात खाणं असलं की ओरडत नाहीत. म्हणून मी सकाळी सिस्टर आली की आईचं स्टूल टाकून बसायचो आणि तीन वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी भिजवलेला तांदूळ, मेथीची देठं, कोबीचा पाला असं थोडं थोडं देत राहायचो. पस्तीस वर्षं कंपनीच्या डिस्पॅचमध्ये मी एवढ्या वेळा खुर्चीतून उठलो नव्हतो. जेवढं खातात त्याच्या दुप्पट घाण करतात, ही एक गोष्ट व्हिडिओत नव्हती. गुडघे गेले. डोळे भरून यायचे, झोपेने. बसल्या बसल्या मी दोघींना समजावत असायचो की बायांनो, तिकडे एक बाई रात्रभर उभी राहून आलीय, जरा तरी माणुसकी ठेवा. आई आतल्या पलंगावरून आढ्याकडे बघत असायची. मागचं दार आता माझं झालं होतं, स्टूलसुद्धा.

सिस्टर एक अक्षर बोलली नाही. तिने दार वाजवून दोन शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो. ती येता-जाता हसायची, फक्त तिचे डोळे रोज थोडे थोडे आत जात होते.

बाराव्या दिवशी ती आईचं बीपी बघायला आली. ती अजून पंप दाबायचं जुनं मशीनच वापरते. आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या, पंप दाबून पट्टा फुगवला, आणि हवा सोडताना तिची मान पुढे, आईच्या खांद्यावर पडली. काटा हळूहळू खाली आला, शून्यावर टेकला, तरी सिस्टर तशीच. बसल्या जागी झोपली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने मोकळा हात वर करून मला थांबवलं. पट्टा बांधलेला हात तिने जराही हलवला नाही. पंचवीस मिनिटं असेल. मागे बदकं हसत होती आणि आमच्या पलंगावर आई त्या पोरीला खांद्याचा आधार देऊन बसली होती.

सिस्टर जागी झाली, ओशाळली, सॉरी आजी म्हणाली, पुन्हा मोजून गेली. बीपी वाढलेलं होतं. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "त्या चेडवाची झोप मोडून माका हंय ऱ्हवाचा नाय. शिमग्याची वाट बघू नको. ह्या आयतवारी पोचव."

आईने राहावं म्हणून बदकं आणली, आणि त्या बदकांमुळेच तिचं जाणं तीन आठवडे अलीकडे आलं. हिशेब असा झाला. मी बायकोकडे बघितलं. वाटलं होतं ती आता कासव म्हणेल. तिने ते म्हटलं नाही, एवढी माझी अवस्था वाईट दिसत असावी.

दुसऱ्या दिवशी मासळी घेताना बायकोनेच आमच्या कोळणीपाशी विषय काढला. ही बाई वरळी कोळीवाड्याहून येऊन वीस वर्षं आमच्या नाक्यावर बसते. तिने बांगडे कापता कापता सगळं ऐकलं. म्हणाली, माझ्या भावाकडे बदकं हायेत, पण ती तुमच्यासारखी नाहीत. तोंडावर लाल लाल गाठी असतात, दिसायला घाण, पण ओरडत नाहीत. लईच छेडलं तर फुसफुसतात.

मी म्हटलं, नर की मादी?

"दोघं पण नाय ओरडत, भाऊ," ती म्हणाली. "त्या जातीला आवाजच नाय दिला देवानं."

घरी येताच मी लगेच पिशवी घेऊन निघालो होतो. बायकोने दारात अडवलं आणि हळू आवाजात, सासू ऐकणार नाही अशा बेताने म्हणाली, "एकटे जाऊ नका. आईंना न्या."

मी म्हटलं, तिचं वय, तिथल्या गल्ल्या, ऊन...

"आईंना न्या," ती पुन्हा म्हणाली. मी नेलं. पटलं म्हणून नव्हे, वाद घालायची ताकदच उरली नव्हती.

कोळीवाड्याच्या तोंडाशी टॅक्सी सोडली. पुढे दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच गल्ली. मी आईचा दंड धरला होता. पन्नास पावलांवर तिने माझा हात काढून काठी नीट धरली आणि पुढे झाली. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी थांबली, वास घेतला, एका म्हातारीला विचारलं, कधी टाकलेत. म्हातारीने सांगितलं. दोघी काहीतरी हसल्या. मी जुन्या दोघींची टोपली घेऊन मागे, बदलून मिळतात का बघायला. टोपलीतल्या दोघी अख्ख्या गल्लीला वर्दी देत होत्या.

कोळणीचा भाऊ उलट्या घातलेल्या होडीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. होडीखालच्या सावलीत ती बदकं. काळी-पांढरी, जड, तोंडाभोवती लाल चामखिळी. दिसायला खरंच घाण. पण शांत. मी फळकुटावर बसलो आणि घड्याळ लावून ऐकत राहिलो. या वेळी स्वतःच्या कानांनी खात्री करून घेणार होतो. आई त्या माणसाला एकेक विचारत होती. अंडी किती, खुडूक होऊन अंड्यांवर कधी बसतात, उडतात का, पिल्लं कशावर वाढवलीस. तिचं मालवणी त्याला कळणार नाही आणि त्याची बोली तिला, म्हणून मी मध्ये पडून भाषांतर करू लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी बोलायला लागलो की दोघं थांबतात, माझं संपेपर्यंत वाट बघतात आणि मग पुढे बोलतात.

मला त्यातला सर्वांत मोठा नर आवडला. भारदस्त होता. मी म्हटलं, हा घेऊ. आई म्हणाली, "तो बोचकारतलो." मी म्हटलं, छे, गरीब दिसतो, आणि हात पुढे केला. त्या जातीला आवाज दिला नाही पण नखं दिली आहेत. मनगटावर दोन इंच ओरखडा. कोळ्याने खाली बघून जाळ्याची गाठ मारली.

आईने दोन माद्या निवडल्या. एकेकीला उचललं, छातीचं हाड चाचपलं, डोळे बघितले, एक परत ठेवून दुसरी घेतली. ही जात उडते, म्हणून एका पंखाची लांब पिसं कापून द्यायला सांगितली. आमच्या त्या दोघींकडे बघून कोळी म्हणाला, ह्या राहू द्या इथं, होड्यांच्या इंजिनात कोण ऐकतो.

मनगटाला रुमाल बांधत मी आईला विचारलं, "मादीच ओरडते हे तुला माहीत होतं?"

"होता तर."

"मग मी आणल्या तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू सांगत होतंस," ती म्हणाली. "मी आयकत होतंय."

नवी बदकं आली. खरंच आवाज नाही. आईने खाण्याची पाटी पुढे ठेवली की शेपटी हलवतात, मान पुढेमागे करतात, घशातल्या घशात काही कुजबुजतात, तेवढंच. मला बघितलं की फुसफुसतात. आईने मागचा तुकडा पहिल्या दोन दिवसांत ताब्यात घेतला. सायकल भंगारवाल्याला गेली, मी नसताना. पिंपाशेजारी घमेलं आलं, भिंतीला टेकून फळी आली, स्टूल परत तिच्याकडे गेलं. सकाळी मोडक्या मनगटाच्या हाताने, सावकाश, पाणी मारून ती जागा धुते. मला करू देत नाही. पाचव्या दिवशी सिस्टर भेटली. म्हणाली, आज बऱ्याच दिवसांनी अलार्मने जाग आली. मग जरा घुटमळून, हसून म्हणाली, "काका, तेवढं सकाळी पेपर वाचताना जरा..." आणि हाताने खाली-खाली अशी खूण केली. मी म्हटलं, हो, हो, नक्की. तो रविवार आला आणि गेला. आईने जायचं नाव काढलं नाही, मीही नाही.

शिमगा पाच दिवसांवर आल्यावर आमच्या गावच्या वाडीतल्या एका माणसाचा फोन आला. तो दर वर्षी गावी जायला गाडी ठरवतो. म्हणाला, म्हातारीची सीट धरू की सोडू, आत्ता सांग, मागे सहा जण उभे आहेत. मी म्हटलं, पाच मिनिटांत सांगतो.

आई मागे स्टुलावर बसून विळीवर कोबीचा पाला चिरत होती. बदकं तिच्या पायांशी. मी उंबऱ्यावर बसलो, गुडघा धरून. महिनाभराचा थकवा होता, पण तरी सगळं नीट मांडलं. न्हाणीघरापाशी काय झालं होतं ते आठवण करून दिलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. इथे बीपी बघायला भिंतीपलीकडे माणूस आहे, तिथे कोण. रिकाम्या घरात एकटीला कसं करमेल, इथे निदान मी आहे, दिवसभर बोलायला कोणीतरी आहे. बोलता बोलता माझा आवाज जरा कापला, तो मुद्दाम नव्हता.

तिने माझं सगळं संपू दिलं. मग चिरलेला पाला दोघींपुढे टाकला आणि विळी मिटली.

"सीट सोडूक सांग," ती म्हणाली. "ऱ्हवतंय मी. पण हंय करमणा नाय म्हणान मी जाऊक बघत नव्हतंय रे. तू सकाळपासून रातीपर्यंत बोलतंस, म्हणान बघत होतंय. आता मी हंय बसतलंय. तू आत बस."